खासगी छोट्या पाणबुड्या : दाब कुणी सोसायचा?

ओरिंग (धागाकर्ता)

टायटॅनिकचे अवशेष बघायला निघालेली टायटन पाणबुडी २०२३च्या जूनमध्ये चिरडली गेली तेव्हापासून 'खासगी पाणबुडी' म्हटलं की निम्म्या लोकांना श्रीमंतांचा आत्मघातकी शौक आठवतो. उरलेले निम्मे मॉरिशसहून परतल्यावर "आम्ही पाणबुडी चालवली" म्हणत पाण्याखालच्या स्कूटरवरचे फोटो टाकतात. पाण्याखाली जाणं सोडलं तर या दोन यंत्रांत काहीही सारखं नाही. तरी चर्चा निघाली की ती किती खोल जाते, किती जण बसतात आणि किती कोटींना पडते यावरच फिरत राहते.

मी प्रेशर व्हेसलच्या, म्हणजे दाब सोसणाऱ्या टाक्यांच्या धंद्यातला माणूस. त्यामुळे माझा पहिला प्रश्न वेगळा असतो : दाब कोण सोसतंय, यंत्र की आतला माणूस?

दर दहा मीटरला पाण्याचा दाब एका वातावरणाने वाढतो. शंभर मीटरवर प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर साधारण दहा किलो. हा भार पूर्णपणे कवचाने घ्यायचा आणि आतली हवा आपल्या दिवाणखान्यातल्यासारखीच ठेवायची, हा झाला पहिला प्रकार. फ्लोरिडाची ट्रायटन, नेदरलँड्सची यू-बोट वर्क्स, कॅलिफोर्नियाची सीमॅजिन या कंपन्या हेच बनवतात. ट्रायटनचं ३३००/३ हे मॉडेल तिघांना घेऊन ३३०० फूट, म्हणजे हजार मीटर जातं; यू-बोट वर्क्सची नेमो दोघांना घेऊन शंभर मीटर. आत बसणाऱ्याला पोहता आलं नाही तरी चालतं. वर आल्यावर तडक घरी जाता येतं, कारण शरीराला दाब बदलल्याचं कळतच नाही.

दुसरा प्रकार ओल्या पाणबुड्यांचा. यात कवच फक्त पाणी कापायला. आत पाणीच भरलेलं असतं आणि माणसं स्कूबाचं नळकांडं लावून बसतात. दुसऱ्या महायुद्धात इटालियन नौसैनिक ज्या 'मायाले'वर मांड ठोकून १९४१च्या डिसेंबरात अलेक्झांड्रिया बंदरात घुसले आणि दोन ब्रिटिश युद्धनौका निकामी करून गेले, ती याच घराण्यातली. २०१०मध्ये रिचर्ड ब्रॅन्सनने गाजावाजा करून आणलेली तीन जणांची नेकर निंफसुद्धा ओलीच, फक्त पंख लावलेली.

तिसरा प्रकार मधला, आणि सगळ्यात जास्त गैरसमज त्याच्याबद्दल. आत हवा असते, डोकं किंवा अख्खं शरीर कोरडं राहतं, पण त्या हवेचा दाब बाहेरच्या पाण्याइतकाच ठेवलेला असतो. मग कवच पातळ असलं तरी भागतं, तळ उघडा ठेवला तरी पाणी वर चढत नाही. मात्र दाब सोसतंय तुमचं शरीर.

दुसरा प्रश्न : सगळं बंद पडलं तर ती आपोआप वर येते का? यावर पुढे लिहितोच. आधी तुमचं येऊ द्या.

सागरगोटा

मॉरिशसवाली मीच! ब्लू सफारीकडे स्कूटर केली होती. दोघांनी मागेपुढे बसायचं, डोक्यावर मोठा पारदर्शक घुमट, खांद्यापासून खाली पाण्यात. चष्मा घालून बसता येतं हे मला फार आवडलं. तीनेक मीटरच खाली नेतात, पण कान दुखले. त्यांच्याच मोठ्या पाणबुडीत पस्तीस मीटरपर्यंत गेले तेव्हा मात्र काहीच झालं नाही. याचं कोडं मला आज सुटलं.

ओरिंग

अगदी बरोबर. स्कूटर तिसऱ्या प्रकारातली, मोठी पहिल्या. तीन मीटरला कान दुखतात आणि पस्तीसला दुखत नाहीत, यापेक्षा चांगलं उदाहरण मला सुचलं नसतं.

दांडेश्वर

मालवणात स्कूबा शिकवतो, म्हणून या मधल्या प्रकाराबद्दल चार शब्द. लोकांना वाटतं कोरडं बसलं की धोका संपला. तसं नाही. वीस मीटरवर तुम्ही तिप्पट दाबाची हवा ओढता. नळकांडं वरच्यापेक्षा तिप्पट वेगाने संपतं आणि नायट्रोजन रक्तात मुरत जातो. तीस मीटरवर साधारण वीस मिनिटं झाली की थेट वर येण्याची मुभा संपते, टप्प्याटप्प्याने थांबत यावं लागतं. आणि वर येताना घाबरून श्वास रोखला तर फुप्फुस फाटू शकतं. हे डायव्हरला पहिल्या दिवशी घोकून घेतो आम्ही. कोरड्या कपड्यात, खुर्चीत बसलेल्या पर्यटकाला कोण सांगणार? म्हणून ही यंत्रं तीन-चार मीटरवर ठेवतात तेच शहाणपणाचं.

ओल्या पाणबुडीचं उलट आहे. तिच्यात बसणारा मुळात डायव्हर असतो. यंत्र बंद पडलं तर तो उतरून चालू लागतो. माझ्या मते सगळ्यात प्रामाणिक प्रकार तोच.

फुकटफौजदार

हे सगळं कोट्यधीशांचं. आमच्या एमआयडीसीत जुनी एलपीजीची टाकी भंगारात पडली आहे. दोन्ही बाजूंना घुमटाकार झाकणं, जाड पत्रा. एक काच बसवली, मोटर लावली की झाली पाणबुडी. का नाही?

ओरिंग

हसू नका, जगात हा उद्योग खरोखर चालतो. जॉर्ज किट्रेज नावाचे अमेरिकी नौदलातले निवृत्त कॅप्टन होते. मेन राज्यात राहून त्यांनी घरी बांधायच्या पाणबुड्यांचे आराखडे विकले. के-२५० एका माणसाची, अडीचशे फुटांची. के-३५० दोघांची, साडेतीनशे फुटांची. स्टीलचा लांबोडका सांगाडा, वर छोटा बुरूज, बाहेर मासेमारीच्या होडीच्या विजेच्या मोटरी. अशा हौशी लोकांची पीसब्ज नावाची संघटनाही आहे.

पण टाकीबद्दल दोन गोष्टी. एलपीजीची टाकी आतून बाहेर ढकलणाऱ्या दाबासाठी बांधलेली असते. असा दाब तिला गोल राहायला मदतच करतो. बाहेरून दाबलं की गणित फिरतं : जिथे किंचित चपटेपणा असेल तिथून ती एकदम आत बसते, पत्र्याची ताकद संपायच्या कितीतरी आधी. टाकी बाहेरच्या दाबासाठी मुद्दाम आखलेली नसेल तर तिची आतल्या दाबाची चाचणी तुम्हाला काहीच सांगत नाही. शिवाय त्याच जाडीच्या आणि त्याच व्यासाच्या गोलापेक्षा नळकांड्याच्या भिंतीवर दुप्पट ताण येतो. खोल जाणारी यंत्रं गोलाकार का, याचं उत्तर यात आहे.

दुसरी गोष्ट वजन. दोन मीटर बाह्य व्यासाचा गोल घ्या. तो ४.२ घनमीटर जागा व्यापतो, म्हणजे समुद्राचं ४.३ टन पाणी बाजूला सारतो. त्याला नुसतं बुडवायला तुम्हाला ४.३ टन वजन लागेल! छोटी पाणबुडी बांधणाऱ्याची पहिली झुंज तिला बुडवण्यासाठी असते. नेमो अडीच टनांची, ट्रायटन ३३००/३ आठ टनांच्या आसपास. गच्चीवरून उचलून खाडीत सोडायची वस्तू नव्हे, क्रेन लागते.

फुकटफौजदार

ठीक. पण अडकलो तर झाकण उघडून बाहेर पडता येईल ना?

ओरिंग

साठ सेंटिमीटर व्यासाचं झाकण धरा. फक्त एक मीटर पाण्याखाली त्यावर साधारण २८० किलो भार असतो. शंभर मीटरवर २८ टन. उघडायचं तर आधी आत पाणी भरून दाब सारखा करायचा, गळ्यापर्यंत पाण्यात उभं राहून वाट बघायची आणि मग झाकण ढकलायचं. एक मीटरलासुद्धा!

सागरगोटा

बापरे. माझा उत्साह संपला.

फिलेट

निवृत्त वेल्डिंग इन्स्पेक्टर. वरचं सगळं मान्य, पण तुमच्या वर्गीकरणात एक फार मोठी भेदरेषा सुटली : प्रमाणित आणि अप्रमाणित. डीएनव्ही, एबीएस, लॉइड्स यांच्यासारखी संस्था आराखडा तपासते, कच्चा माल तपासते, वेल्ड तपासते, गोल किती गोल आहे ते मोजते आणि शेवटी यंत्र प्रत्यक्ष दाबात घालून बघते. टायटनने हे काहीच करून घेतलं नव्हतं. टायटॅनिक ३८०० मीटरवर आहे, म्हणजे सुमारे ३८० वातावरणं. तिथे पाच इंच जाडीचं कार्बन फायबरचं नळकांडं, दोन्ही टोकांना टायटॅनियमचे घुमट. कार्बन फायबर ओढायला पोलादापेक्षा सरस; दाबायला मात्र त्यातला राळेचा थर हाच कच्चा दुवा. प्रत्येक फेरीत थरांत सूक्ष्म चिरा वाढू शकतात आणि बाहेरून बघून त्या दिसत नाहीत.

उलट व्हिक्टर व्हेस्कोव्होची लिमिटिंग फॅक्टर बघा. ट्रायटननेच बांधलेली, दोघांची, ९० मिलिमीटर जाडीचा टायटॅनियमचा गोल, पूर्ण खोलीला पुन्हा पुन्हा जाण्यासाठी डीएनव्ही-जीएलचं प्रमाणपत्र. २०१९मध्ये समुद्रातल्या सगळ्यात खोल अशा मरियाना गर्तेच्या तळाशी एकदा नाही, अनेकदा गेली. खोली घातक नसते, तपासणी टाळणं घातक असतं.

व्हँकूवरवाली

फिलेटकाका, तुमच्याशी ऐंशी टक्के सहमत. वीस टक्क्यांसाठी कार्ल स्टॅन्लीचं नाव पुढे करते. होंडुरासच्या रोआतान बेटावर राहतो. पहिली पाणबुडी बांधायला घेतली तेव्हा शाळकरी पोरगा होता. नंतर स्टीलची इडाबेल बांधली, तिघांची, आणि तिच्यातून पर्यटकांना दोन हजार फुटांपर्यंत नेतो. प्रमाणपत्र नाही. तोच स्टॅन्ली एप्रिल २०१९मध्ये बहामाजला टायटनमधून गेला, कवचाचे कडकड आवाज ऐकले आणि टायटनच्या कंपनीचा प्रमुख स्टॉक्टन रश याला लेखी कळवलं की इथे काहीतरी बिघडलंय. पुढे त्या कवचात चीर सापडली आणि ते बदलावं लागलं. म्हणजे कागद नसलेल्या माणसाचे कानही तीक्ष्ण असू शकतात.

फिलेट

कान तीक्ष्ण होते हे कबूल. पण स्टीलचं वागणं आपल्याला शंभर वर्षं माहीत आहे, म्हणून तो निभावतोय. मी माझ्या नातवाला त्यात बसवणार नाही.

व्हँकूवरवाली

तेही कबूल. :)

आता धागाकर्त्याने न काढलेला मुद्दा : आतली हवा. माझ्या शहरात फिल न्यूटन नावाचे गृहस्थ होते, २०२३मध्ये गेले. त्यांच्या डीपवर्कर २०००मध्ये एकच माणूस बसतो, पारदर्शक घुमटात डोकं, दोन्ही पाय पेडलवर म्हणजे हात कामाला मोकळे, आणि सहाशे मीटर खोली. ही शौकाची नाही, कामाची पाणबुडी. अंगावर चढवायचा न्यूटसूटही त्यांचाच. तो तर पाणबुडी आणि माणूस यांच्या सीमेवरच उभा आहे.

अशा बंद जागेत लोकांना भीती प्राणवायू संपण्याची वाटते. गणित करून बघा. दोन माणसं, तीन हजार लिटर हवा. दोघं मिळून शांत बसून तासाला पन्नास लिटरच्या आसपास कार्बन डायऑक्साइड सोडतात. म्हणजे तासाला दीड टक्का. तीन तासांत पाच टक्क्यांजवळ : डोकं ठणकतं, धाप लागते, विचार सुचत नाही. प्राणवायू तेव्हा अजून पंधरा-सोळा टक्के शिल्लक असतो! म्हणून कार्बन डायऑक्साइड शोषणाऱ्या सोडा लाइमची पेटी आणि तिच्यातून हवा फिरवणारा पंखा हा खरा जीव. चांगल्या यंत्रात नेहमीच्या फेरीव्यतिरिक्त चार दिवसांची, ९६ तासांची तजवीज ठेवतात.

आणि ही पेटी थंडीत मंदावते. १९७३च्या जूनमध्ये की वेस्टजवळ जॉन्सन सी लिंक एका बुडवलेल्या विनाशिकेच्या तारांत अडकली, साधारण ११० मीटरवर. पुढच्या ॲक्रिलिकच्या गोलात दोघं, मागच्या ॲल्युमिनियमच्या कप्प्यात दोघं. ॲल्युमिनियमने उष्णता भराभर बाहेर टाकली, मागचा कप्पा समुद्राइतका गार झाला, तिथलं रसायन काम करेना. मागचे दोघं गेले. पुढचे दोघं वाचले. एकच पाणबुडी, एकच अपघात, फरक कवचाच्या धातूचा. मागच्या दोघांत एक ज्यांनी ती पाणबुडी घडवली त्या एडविन लिंक यांचा मुलगा होता.

पेडलपंप

वाचतोय. भारी धागा.

अवांतर करतो : अमेरिकेत शिकताना मेरीलँडच्या कार्डेरॉकला पाणबुड्यांची शर्यत बघायला गेलो होतो. नौदलाच्या लांबलचक चाचणी हौदात विद्यापीठांची पोरं पायाने पेडल मारून पाणबुड्या पळवतात. ही स्पर्धा १९८९पासून चालू आहे. सगळ्या ओल्या, चालक स्कूबा लावून पालथा पडलेला. माँट्रियलच्या ओमेर चमूने आठ नॉटचा टप्पा गाठला होता. ऐकायला कमी वाटतं, पण कोट्यवधींच्या ॲक्रिलिकच्या पाणबुड्या तीन नॉटच्या आसपासच चालतात. गोल आकार दाबाला उत्तम, पळायला वाईट.

ओरिंग

पेडलपंप, वेगाचा विषय काढलात हे बरं केलंत, माझा दुसरा प्रश्न त्यालाच चिकटलेला आहे.

नेहमीची पाणबुडी टाक्यांत पाणी घेऊन जवळजवळ भारहीन होते आणि थ्रस्टरच्या, म्हणजे ढकलणाऱ्या पंख्यांच्या जोरावर हवी तिथे तरंगत थांबते. प्रवाळासमोर अर्धा तास ठिय्या द्यायचा तर हीच हवी. बिघाड झाला तर दाबाची हवा टाक्यांत सोडून पाणी बाहेर काढायचं. तेही जमलं नाही तर तळाचं वजन सोडून द्यायचं.

ग्रॅहम हॉक्स या इंग्रज अभियंत्याने उलटा विचार केला. त्याच्या डीपफ्लाइट यंत्रांना पंख असतात, विमानाचे पालथे घातल्यासारखे. यंत्र नेहमीच पाण्यापेक्षा किंचित हलकं. पंखांच्या जोरावर ते खाली 'उडतं' आणि वेग थांबला की आपसूक वर येऊ लागतं. सुरक्षेच्या दृष्टीने मला ही कल्पना अतिशय सुंदर वाटते. तोटा सरळ आहे : थांबून बघायचं असेल तर पंचाईत. नंतरच्या ड्रॅगन मॉडेलमध्ये म्हणून वर-खाली ढकलणारे पंखे घातले.

जेटस्की_जना

सीब्रीचर राहिली! शार्क किंवा डॉल्फिनच्या आकाराची, पाण्यातून उसळी मारते. कॅलिफोर्नियात बनते. तिला कुठल्या खान्यात टाकणार?

ओरिंग

कुठल्याच नाही. जेटस्कीचं २६० अश्वशक्तीपर्यंतचं पेट्रोल इंजिन, त्याला वरून नळीने हवा. त्यामुळे ती पाच-सहा फूटच डुबकी मारते. मजा शंभर टक्के, पण ही पाण्याखाली राहायची गोष्ट नव्हे.

पेट्रोलचं नाव निघालं म्हणून : जर्मनांनी १९४४मध्ये बिबर नावाची एका माणसाची पाणबुडी काढली. पृष्ठभागावर चालवायला तिच्यात ओपेल ब्लिट्झ ट्रकचं पेट्रोल इंजिन. त्याच्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडने कित्येक चालक शत्रूची गाठ पडण्याआधीच मेले. हौशी बांधणाऱ्यांनी आत इंजिन घालू नये ते एवढ्यासाठी. शिशाच्या बॅटऱ्यासुद्धा चार्ज होताना हायड्रोजन सोडतात, त्यांना वेगळ्या कप्प्यात ठेवणं उत्तम.

सागरगोटा

आपली मत्स्य ६००० यात कुठे बसते?

फिलेट

पहिल्या प्रकारात, पण शौकाशी संबंध नाही. चेन्नईच्या एनआयओटीची (राष्ट्रीय सागर तंत्रज्ञान संस्था), समुद्रयान प्रकल्पातली. टायटॅनियम मिश्रधातूचा २.१ मीटर व्यासाचा, ८० मिलिमीटर जाडीचा गोल, तीन माणसं, ६००० मीटर. बारा तासांची फेरी आणि आणीबाणीसाठी ९६ तास. गोलाच्या जोडकामात इस्रोने हात दिला, कारण एवढ्या जाड टायटॅनियमचं इलेक्ट्रॉन बीम वेल्डिंग हे येरागबाळ्याचं काम नाही. २०२५च्या सुरुवातीला कट्टुपल्ली बंदरात पाण्यात उतरवून चाचण्या झाल्या.

एक निरीक्षण नोंदवतो. इतक्या खोल जायचं तर धातूचा गोल आणि छोट्या खिडक्या. हजार-दोन हजार मीटरच्या आत असाल तर अख्खा गोल ॲक्रिलिकचा करता येतो. १९७०मध्ये अमेरिकी नौदलाने हे करून दाखवलं, त्या यंत्राचं नावही नेमोच. ॲक्रिलिक पाण्यात शिरलं की जवळजवळ दिसेनासं होतं, कारण दोघांतून जाताना प्रकाश फारसा वाकत नाही. पण त्याला ठरलेलं आयुष्य असतं. ओरखडा, ऊन, चुकीचं द्रावण लावून पुसणं, सगळं बाधतं. जुनी पाणबुडी स्वस्तात मिळतेय म्हणून कुणी घ्यायला निघालाच, तर आधी गोलाची जन्मतारीख विचारा.

फुकटफौजदार

शेवटचा प्रश्न. लॉटरी लागली तर कोकणात कोणती घ्यायची?

ओरिंग

शंभर मीटरचं ॲक्रिलिकही जास्त होईल. आपल्या किनाऱ्याचा उथळ पट्टा इतका रुंद आहे की शंभर मीटर पाणी गाठायला कित्येक तास बोट हाकावी लागेल.

दांडेश्वर

आणि खोलीचं काय घेऊन बसलात, दर्यात दिसाक व्हया ना! पावसात नद्यांचा गाळ येतो, सगळं बंद. नंतरही गढूळपणा हळूहळू निवळतो. निवती रॉकजवळ निवृत्त झालेली आयएनएस गुलदार बुडवून तिथे पर्यटकांना पाणबुडीतून न्यायची सरकारी योजना आहे. ती पाणबुडी कोरडी आणि मोठी असेल. हवाईत अटलांटिसच्या ४८ जणांच्या पाणबुड्या चालतात तसं काहीसं. पण हवाईचं निळं पाणी आणि आपलं हिरवं पाणी यात फरक आहे. ॲक्रिलिक कितीही स्वच्छ असलं तरी बाहेर पाच मीटरच दिसत असेल, तर माशांच्या जवळ जायला ओली पाणबुडी किंवा नुसते फिन्स बरे.

फौजदार, लॉटरीची वाट बघू नका. डिसेंबर-जानेवारीत या. येण्याआधी सर्दी नाही ना बघा, आणि कानाच्या डॉक्टरांना एकदा दाखवून घ्या.